डेटाबेसचे पहिले पुस्तक कसे निवडावे?

डेटाबेस हा शब्द नवा आहे. वस्तू मात्र जुनी आहे. शाळेत जनरल रजिस्टर असते ना? त्यात एका मुलाची एक ओळ. नंबर, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख. फीची वही वेगळी, निकालाची वही वेगळी. फीच्या वहीत मुलाची सारी हकीकत पुन्हा लिहीत नाहीत. रजिस्टरचा नंबर लिहिला की झाले. आम्ही मास्तर मंडळींनी जन्मभर हेच केले.

तलाठ्याकडेही हीच रीत. सातबाऱ्यावर खाते नंबर असतो. तोच नंबर आठ-अ च्या उताऱ्यावर असतो आणि तिथे त्या खात्याची जमीन एकत्र दिसते. दोन कागद एका नंबराने बांधलेले.

अशा वह्या संगणकात ठेवायच्या आणि नंबरांनी एकमेकींना बांधायच्या. ही रीत एडगर कॉड नावाच्या माणसाने १९७० साली मांडली. तो इंग्लंडात जन्मला, गणित शिकला आणि अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करीत होता. आज बँकेतले आपले खाते आणि रेल्वेचे आरक्षण असल्याच वह्यांत असते.

आता कोणी म्हणेल, आम्हाला याच्याशी काय करायचे? वसईकडचेच उदाहरण घ्या. एकच बाई एका कागदावर डिसोजा असते, दुसऱ्यावर डिसोझा, तिसऱ्यावर डिसूझा. संगणकाला या तीन बाया वाटतात. उलट एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. नुसत्या नावावर हिशेब ठेवला तर एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यात जातो. पैसे भरलेला माणूस थकबाकीदार ठरतो! म्हणून प्रत्येक सभासदाला वेगळा नंबर हवा. हे ज्याला कळले त्याला संस्थेच्या कारकुनाला नीट प्रश्न विचारता येतो. ज्याला कळले नाही, त्याला तो सांगेल ते ऐकून घरी यावे लागते.

म्हणून आपल्यापैकी कोणी हे शिकायचे ठरवले, किंवा मुलीने शिकायचे म्हटले, तर पुस्तक लागते. ते कसे पाहावे?

आधी संगणकावर काय आहे ते विचारावे. मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस विकत घ्यावे लागते आणि ते फक्त विंडोज असलेल्या संगणकावर चालते. मोबाइलवर ते शिकता येत नाही. लिबरऑफिस २०१० साली सुरू झाले. त्यातले बेस हे फुकट मिळते. त्याच्या पडद्यावरचे पुष्कळसे शब्द मराठीत करून घेता येतात. बेसचे मार्गदर्शक पुस्तकही इंटरनेटवर फुकट आहे, पण इंग्रजीत. आमच्या मते खिशात हात घालण्यापूर्वी हे एकदा उघडून पाहावे. एका यंत्राचे पुस्तक दुसऱ्यावर चालवू नये. बैलगाडीचे जू घोड्याला बसत नाही.

पुष्कळ लोक विरारहून लोकल धरतात, चर्चगेटला उतरतात आणि फोर्टातल्या फूटपाथवरून जुनी पुस्तके आणतात. चांगली सवय आहे. पण इथे एक गोम आहे. अ‍ॅक्सेसची मांडणी २००७ च्या आवृत्तीत पार बदलली. वरची बटणे बदलली, फाइलची जातही बदलली. त्याआधीचे पुस्तक घेतले तर पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरेच. शिकणाऱ्याला वाटते, आपलेच डोके चालत नाही. डोके चालते हो! पुस्तक जुने आहे. म्हणून आवृत्तीचे साल पाहावे.

एसक्यूएल या भाषेचे तसे नाही. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची ही भाषा. ‘सभासदांच्या वहीतून अर्नाळ्याचे सभासद काढ’ असा हुकूम तिच्यात देता येतो. तिचे प्रमाण रूप १९८६ साली ठरले आणि मूळचे हुकूम अजून तेच आहेत. तिचे जुने पुस्तकही पहिल्या शिक्षणाला चालते. फूटपाथवर घ्यायचे तर हे घ्यावे.

पुस्तकाच्या नावाला भुलू नये. ‘इतक्या दिवसांत तज्ज्ञ व्हा’ असे कव्हरवर छापायला काय लागते? जाडीलाही भुलू नये. पुस्तक उघडून पाहावे, की वह्या वेगळ्या का करायच्या, नंबर का द्यायचा, हे त्यात कुठे सांगितले आहे. पहिली शंभर पाने नुसती बटणांची चित्रे असतील तर ते ठेवून द्यावे. धड्याशेवटी करून पाहायला काम असावे, आणि मागे उत्तरे असावीत. उत्तरे नसली तर एकट्याने शिकणाऱ्याचे हाल होतात.

मराठी पुस्तकात आणखी एक पाहावे. काही लेखक सगळे शब्द मराठीत करून टाकतात. वाचायला गोड लागते. पण पडद्यावर इंग्रजी शब्द असतो आणि वाचणारा ‘कोष्टक’ शोधत बसतो. मराठी शब्दाशेजारी पडद्यावरचा शब्द छापलेला असावा.

तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी परीक्षा घेता येते. मुलीला मधले एक पान वाचायला सांगा आणि मराठीत समजावून द्यायला सांगा. तुम्हाला समजले तर पुस्तक बरे आहे. तिलाच सांगता येईना, तर पुढचे पुस्तक मागा.

बॅकअप, म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत ठेवणे, यावर धडा आहे का, हे मात्र जरूर पाहावे. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले होते, वीज गेली होती. अशा पाण्यात वही भिजते तसा संगणकही भिजतो. दुसरी प्रत दुसऱ्या घरी असली तर हिशेब वाचतो.

दहा-वीस बायकांच्या बचत गटाला एवढा खटाटोप लागत नाही. त्यांची वही पुरते. पण मच्छीमार संस्थेकडे सभासदांची वही, होड्यांची वही, डिझेलची वही असते. कोणत्या होडीने किती डिझेल उचलले आणि ती होडी कोणाची, हे रोज जुळवावे लागते. तिथे डेटाबेसचे काम आहे. इंग्रजी पुस्तकांत पुष्कळदा नॉर्थविंड नावाच्या काल्पनिक कंपनीचा नमुना असतो. ती खाण्याचे पदार्थ विकते. तो धडा करताना गिऱ्हाइकांच्या जागी आपले सभासद घालावेत आणि मालाच्या जागी सुकेळी, फुले किंवा पापलेट. दहा नावे पुरेत. त्यांत एकाच नावाचे दोन पाटील मुद्दाम घालावेत, आणि एकाचा हप्ता भरून पाहावा.