न फळलेल्या नवसांची नोंद

पुत्रकामेष्टी यथासांग पार पडली आणि तरी मूल झालं नाही, तर काय म्हणायचं? हा प्रश्न आजच्या कुणा नास्तिकाचा नाही. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, वेद प्रमाण का मानावेत याची चर्चा आहे, आणि तिथे आधी प्रतिपक्षाचा आक्षेप मांडला आहे: वेदवचन खोटं ठरतं. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याचं उदाहरण दिलं आहे ते पुत्रकामेष्टीचंच. इष्टी होते, पुत्र होत नाही.

मग सूत्रकाराचं उत्तर येतं. वचन खोटं नाही. दोष कर्मात असेल, कर्त्यात असेल किंवा साधनात असेल. भाष्यकार त्याची फोड करतो. यज्ञ करणारा अजाण किंवा दुराचारी असेल, मंत्राचा स्वर चुकला असेल, दक्षिणा कमी पडली असेल किंवा वाईट मार्गाने आलेली असेल. एवढ्यावर तो थांबत नाही. गर्भाशयाचा विकार किंवा बीजाचा दोषही असू शकतो, हेही तो सांगतो, आणि या एका गोष्टीसाठी मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

मी वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायचे. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाचे आकडे घेऊन यायचे आणि हे औषध लागू पडतं असं या आकड्यांवरून म्हणता येईल का, असं विचारायचे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. ज्यांना गुण आला नाही, ते रुग्ण कुठे आहेत? देवाविषयी माझं जे मत झालं ते याच प्रश्नातून झालं. ते लपवायचं मला कारण नाही. मागणं ऐकून ते पुरवणारा कुणी आहे, असं मी मानत नाही.

माझी ताई सातारा जिल्ह्यात दिली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी कूस उजवेना, तेव्हा नवस सुरू झाले. जेजुरीच्या खंडोबाला, मग माहेरच्या देवीला, मग कुणी सांगितलं म्हणून औदुंबराला प्रदक्षिणा आणि सोळा सोमवार. नवस फळेना, तसतशी कारणं निघू लागली. उपास करतेस पण मनात किंतू आहे. नवस बोललीस तेव्हा विटाळाचे दिवस जवळ होते. ओटी भरताना नारळाची शेंडी देवीकडे नव्हती. सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनाही नातवंड हवं होतं आणि देव खोटा असेल हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. मग दोष जाणार कुठे? तो कर्त्यावर गेला, आणि कर्ती एकटी ताई होती. न्यायसूत्रांतल्या उत्तराचं घरातलं रूप मी असं पाहिलं. फक्त भाष्यकाराने बीजदोषाच्या ज्या शक्यतेचा उल्लेख केला होता, तिचा विचार तिथे कुणी करत नव्हतं. दाजींना कुणी काही विचारलंच नाही.

प्रार्थनेच्या फळाविषयी शंका घेणाऱ्यांची एक जुनी गोष्ट रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवली आहे. ग्रीसमध्ये मेलॉसचा डायागोरस हा नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता. समोथ्रेस बेटावर त्याच्या मित्राने त्याला देवळातली चित्रं दाखवली. वादळात सापडलेल्या, देवाला साकडं घालून सुखरूप परतलेल्या लोकांनी ती अर्पण केली होती. हे पाहूनही देव माणसांची काळजी घेत नाही असं म्हणतोस का, असं त्याने विचारलं. डायागोरसने उत्तर दिलं की जे बुडाले त्यांची चित्रं कुणी लावलेली नाहीत. पुढे १६२० मध्ये फ्रान्सिस बेकनने ही गोष्ट आपल्या ग्रंथात घेतली, ती माणसाचं मन कसं फसतं याचं उदाहरण म्हणून.

वांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असतात. सप्टेंबरच्या जत्रेत ती घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. कितीतरी देवीच्या देवळांत चांदीचे डोळे आणि लाकडी पाळणे वाहिलेले असतात. लालबागचा गणपती १९३४ साली बसला तोच कोळ्यांच्या आणि विक्रेत्यांच्या नवसातून; त्यांचा बाजार बंद पडला होता आणि त्यांना कायमची जागा हवी होती. जागा मिळाली, म्हणून आज नवसाची वेगळी रांग लागते. त्याच सुमाराला इतर किती वस्त्यांनी जागेसाठी देवाला हात जोडले असतील आणि त्यांना ती मिळाली नसेल, हे सांगणारा मंडप कुठेही उभा नाही. न फळलेला नवस कुणी वाजतगाजत आणत नाही. तो मनात राहतो, आणि बहुतेक वेळा लाजेसारखा राहतो.

मुलासाठीच्या नवसात तर आकडेच नवसाच्या बाजूने असतात. नियमित संबंध असलेल्या दर शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून अधिक जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस जातात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षी, काहीही उपचार न करता. आपल्याकडे नवस बोलला जातो तो केव्हा? बहुतेकदा पहिलं वर्ष रिकामं गेल्यावर, म्हणजे नेमका त्या दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर. त्या वेळी कुठल्याही दगडाला नवस बोलला असता तरी जवळपास निम्म्या घरांत पाळणा हलला असता. या घरांतली माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांनी मागितलं आणि त्यांना मिळालं, हे खरंच आहे. शेजारच्या घरात न मागता मिळालं आणि पलीकडच्या घरात मागूनही मिळालं नाही, हे त्यांना दिसत नाही एवढंच.

दिसावं म्हणून मोजायची कल्पना पुढे आली ती व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये. डिसेंबर १८७१ मध्ये युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणाच्या दारात होता. बाप अल्बर्ट दहा वर्षांपूर्वी डिसेंबरमध्येच गेलेला, तोही विषमज्वराने, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. देशभर प्रार्थना झाल्या. युवराज वाचला आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आभाराचा मोठा सोहळा झाला. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल याने एका शल्यवैद्याचं निनावी पत्र छापून आणलं. त्यात सूचना अशी की एका रुग्णालयातल्या ठरावीक रुग्णांसाठी काही वर्षं देशाने प्रार्थना करावी आणि तिथल्या मृत्यूंची इतर रुग्णालयांशी तुलना करावी. केवढा गहजब झाला! प्रयोग काही झाला नाही.

पण संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने हाती असलेले आकडे काढले. इंग्लंडच्या चर्चमध्ये राजाच्या दीर्घायुष्यासाठी सतत प्रार्थना होत असते, मग राजे जास्त जगतात का? तिशी ओलांडलेल्या, अपघाताखेरीज अन्य कारणांनी वारलेल्या लोकांचं सरासरी वय त्याने मांडलं. राजघराण्यातली माणसं ६४.०४ वर्षं, वकील ६८.१४, धर्मगुरू ६९.४९. सुखवस्तू वर्गांत सर्वांत कमी आयुष्य राजघराण्यांचं निघालं. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मला सांगितलं पाहिजे की ही तुलना कच्ची आहे. राजघराण्यांत आपसांत लग्नं होत, राहणीही निराळी होती, आणि प्रार्थना नसती तर ती माणसं किती जगली असती हे या तक्त्यातून कळत नाही. गाल्टनचं मोल उत्तरात नाही. इतकी शतकं कोट्यवधी लोक एक गोष्ट मागत आले आणि ती मिळते का हे कुणी पाहिलं नव्हतं, हे त्याने दाखवून दिलं.

टिंडलने छापलेल्या पत्रातल्यासारख्या पक्क्या प्रयोगाचा निष्कर्ष हाती यायला एकविसावं शतक उजाडलं. त्याआधी १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयातल्या ३९३ हृदयरुग्णांचा अभ्यास गाजला होता. त्यात प्रार्थनेच्या बाजूने काही फरक दिसला, पण बऱ्याच नोंदींपैकी मोजक्याच नोंदींत. पुष्कळ गोष्टी मोजल्या की त्यांतल्या एकदोन योगायोगाने उजव्या निघतातच, हे प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी बजावत असे. हार्वर्डचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र नेटका होता. मुख्य पैसा टेम्पलटन फाउंडेशनचा होता. या संस्थेला धर्माविषयी आस्था आहे, वैर नाही. बेन्सन स्वतःही ध्यान आणि श्रद्धा यांचा शरीरावर होणारा परिणाम शोधण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. प्रार्थना हाणून पाडायला निघालेल्या लोकांनी हे काम केलेलं नाही.

अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. प्रत्यक्षात त्यांतल्या एका गटासाठीच झाली. तिसऱ्या गटाला सांगितलं की होणारच आहे, आणि झाली. तीन ख्रिस्ती प्रार्थनागटांकडे रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर जाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस ती मंडळी मनोभावे प्रार्थना करत. महिन्याच्या आत गुंतागुंत किती जणांत झाली? प्रार्थना झालेल्या पण खात्री नसलेल्या गटात ५२ टक्के. प्रार्थना न झालेल्या गटात ५१ टक्के. प्रार्थना होणार हे माहीत असलेल्या गटात ५९ टक्के.

शेवटचा आकडा योगायोगाचाही असू शकेल, असं संशोधकांनी म्हटलं. एक शक्यता अशीही बोलली गेली की माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे मी इतका आजारी आहे की काय, या धास्तीने हृदयाचे ठोके बिघडले असतील. मला ताईचा प्रत्येक नवसानंतरचा पुढचा महिना आठवतो. आता व्हायलाच हवं, या ओझ्याखाली ती जेवेनाशी व्हायची.

याउलट निष्कर्ष देणारा एक अभ्यास २००१ मध्ये आला होता, तो तर मूल होण्याविषयीच. कोरियात टेस्टट्यूब उपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी दूरदेशीच्या लोकांनी प्रार्थना केली आणि त्यांच्यात गर्भ राहण्याचं प्रमाण ५० टक्के निघालं, इतरांत २६. जगभर बातम्या झाल्या. पुढे तीन लेखकांपैकी एकाने आपलं नाव काढून घेतलं. दुसरा एका वेगळ्या आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. हा शोधनिबंध वाचून आशेवर राहिलेल्या बायकांचं काय झालं असेल, या विचाराने मला आजही राग येतो.

देव काय परीक्षेला बसतो का, असा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो पोकळ नाही. ज्या गटासाठी प्रार्थना झाली नाही असं म्हणतात, त्यांच्याही घरचे लोक प्रार्थना करतच होते. ते कोण थांबवणार? तेही खरं. देव हिशेबाने वागत नाही, त्याच्या मनात असेल तेव्हा तो देतो, असं कुणी म्हणालं तर त्यावर माझा वाद नाही. फक्त मग फळलेला नवसही पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवू नका. मूल झालं तर देवाने दिलं आणि झालं नाही तर सुनेचं काहीतरी चुकलं, असा हिशेब असेल, तर तो तपासायलाच हवा, कारण त्यातली एक बाजू कुणाच्या तरी जिवावर मांडली जाते. नवसाने मुलं होतात या समजुतीला तुकोबांनी विरोध केला, गाडगेबाबांनी कीर्तनातून नवस-बळींवर कोरडे ओढले आणि लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. ही देव न मानणारी माणसं नव्हती.

आई एकदा मला म्हणाली होती, “अगं, तुझ्या आकड्यांनी तिचं दुखणं कमी होणार आहे का?” नाही होणार. प्रार्थनेने मन शांत होतं, हात जोडून बसलेल्या माणसाला रात्र काढता येते, हे गाल्टननेही मान्य केलं होतं आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर मी ते पाहिलं आहे. त्या माणसाच्या हातून मी जपमाळ काढून घेणार नाही. सगळ्या भक्तीला मागणं चिकटलेलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. पंढरीला चालत जाणारे कितीतरी वारकरी विठ्ठलापाशी काहीही मागत नाहीत.

दाजींची तपासणी झाली ती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, तीही मुंबईत एका डॉक्टरांनी हट्ट धरला म्हणून. शुक्राणूंची संख्या फारच कमी होती. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं, आणि ते शोधायला सुरुवातीला एक साधी वीर्यतपासणी पुरते. बाईच्या तपासण्यांच्या मानाने ती स्वस्त आणि बिनत्रासाची. वर्षभर दिवस गेले नाहीत, किंवा बाई पस्तिशीपुढची असेल आणि सहा महिने गेले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी डॉक्टरांकडे जायचं असतं.

ताई अजून रोज पूजा करते. देवाविषयी आम्ही वाद घालत नाही. तिच्या पुतण्याच्या लग्नाला सव्वा वर्ष झालं, तेव्हा घरात जेजुरीची गाडी ठरत होती. ताईने जाऊबाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, “खंडोबाला जायचं तर जा, पण आधी मुलाची तपासणी करून घ्या. सुनेला एक शब्द बोलू नका.”