नशा सुटली, गिटार सुटली नाही

‘घेतल्याशिवाय हात चालत नाही’ हे वाक्य व्यसनमुक्तीच्या कामात आम्ही बँडवाल्यांकडून, ढोलकीवाल्यांकडून नेहमी ऐकतो. अमेरिकेतील टेक्सासचा ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन (१९५४-१९९०) यालाही हीच भीती होती.

ब्लूज हे तिथल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. गोरा वॉन ते अल्बर्ट किंगसारख्या कृष्णवर्णीय वादकांना ऐकून शिकला. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रो महोत्सवात काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. १९८५ मध्ये त्याच मंचावर तो नावाजलेला वादक म्हणून परतला. मात्र दारू आणि कोकेन सुटत नव्हते. टाळ्या मिळत असल्या की आजार कुणाला दिसत नाही! सप्टेंबर १९८६ मध्ये जर्मनीच्या दौऱ्यात तो कोसळला. लंडनमध्ये उपचार झाले, मग तो अटलांटाला व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. त्याच सुमारास त्याचा बेस गिटारवादक टॉमी शॅनन यानेही उपचार घेतले. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात सर्वांसोबत ग्रहण करतो, पण ते पाळण्याची वेळ आली की माणसाला एकटे सोडतो.

शुद्धीत वाजवलेल्या त्याच्या ‘इन स्टेप’ (१९८९) या अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्या नावात व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा संकेत आहे. मैफलीत गाणे थांबवून तो श्रोत्यांशी व्यसनाबद्दल बोलू लागला. ऑगस्ट १९९० मध्ये विस्कॉन्सिनमधील मैफलीनंतर हेलिकॉप्टर अपघातात तो गेला. तेव्हा त्याला नशा सोडून जवळपास चार वर्षे झाली होती.