राजाचा पेला, रयतेचा वाडगा

चिनी मातीचे जुने भांडे हाती आले की मी आधी ते पालथे घालून पाहतो. बुडाची कडा बहुधा कोरी असते. झिलई वितळून भांडे भट्टीत चिकटू नये म्हणून ती तशी ठेवलेली. मूळ माती तिथेच उघडी दिसते. बाजाराचे लक्ष मात्र बुडावरच्या अक्षरांकडे असते. तिथे सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव असले की किंमत चढते. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम अपुरा आहे, असे माझे मत आहे.

मिंग घराण्यातील छंगह्वा सम्राटाच्या काळातला (१४६५–८७), कोंबडा-कोंबडी आणि पिल्ले रंगवलेला एक चिमुकला पेला २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे २८ कोटी हाँगकाँग डॉलरला विकला गेला. असे पेले चिंगदेचनच्या राजभट्ट्यांत घडत. तिथे सदोष ठरलेली भांडी फोडून पुरली जात. राजवाड्यात पोचले ते निवडक सौंदर्य. त्यावरून सामान्य माणसाचे ताट-वाटी कशी कळावी?

ती समुद्रात सापडली. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकात बुडालेल्या गलबताचा शोध लागला. फळ्या दोराने शिवलेल्या, बांधणी अरबी धाटणीची. आत सुमारे ६०,००० भांडी होती. त्यांतले बहुसंख्य हूनान प्रांतातील छांगशाच्या भट्ट्यांचे साधे वाडगे. कित्येक तर मोठ्या रांजणांत एकात एक रचून भरलेले. एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारी तारीख आहे. आतल्या बाजूला पक्षी, पाने, अरबी लिपीची आठवण देणारी वळणे, सारे कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत. हात घाईतला, पण सरावलेला. परदेशी गिऱ्हाइकासाठी घाऊक उत्पादन तेव्हाच सुरू होते, हे इथे डोळ्यांना दिसते.

यातला सुटा वाडगा काहीच सिद्ध करत नाही. साठ हजारांचा ढीग करतो. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजावरची चिनी भांडी १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लिलावात विकली गेली आणि घरोघरी पांगली. बेलितुंगचा बहुतांश माल सिंगापूरने एकत्र विकत घेतला, म्हणून तो आजही अभ्यासता येतो.

आपल्या लोणच्याच्या बरण्यांनाही हेच लागू आहे. झिलईवर मीठ-आंबटाचा परिणाम होत नाही, म्हणून त्या घरोघरी टिकल्या. जुनी बरणी काढून टाकण्यापूर्वी ती कुठून आली, तिच्यात काय मुरत असे, एवढे तरी लिहून ठेवावे. भांडे टिकते; त्याची हकीकत आधी हरवते.