टीव्हीतला डायोड, ॲम्प्लिफायरच्या सेवेला

माझ्या ॲम्प्लिफायरचा स्विच दाबला की मी मीटरच्या काट्यावर नजर ठेवतो. दहा सेकंद जातात, पंधरा जातात, काटा शून्यावरच. विसाव्या सेकंदाच्या आसपास तो हलतो आणि सावकाश चढत ३०० व्होल्टवर स्थिरावतो. ही संथ चाल ‘पीवाय ८८’ या व्हॉल्व्हची.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं मी कृष्णधवल संच दुरुस्त केले. त्यांतल्या या व्हॉल्व्हला आम्ही ‘बूस्टर डायोड’ म्हणायचो. पडद्यावरचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा रेघ ओढून मागे फिरायचा. परतताना कॉइलमध्ये उरलेली ऊर्जा हा डायोड पुन्हा कामाला लावायचा. झोत मागे फिरत असताना त्याच्या कॅथोडवर काही हजार व्होल्टचा झटका यायचा. म्हणून कॅथोडची जोडणी काचेच्या माथ्यावरच्या टोपीला, आणि हीटर व कॅथोड यांच्यामध्ये जाड इन्सुलेशन. तापायला वेळ लागतो तो त्यामुळेच.

हाच उशीर ॲम्प्लिफायरच्या पथ्यावर पडतो. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. रेक्टिफायर तिला एकाच दिशेला वळवतो; माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये ते काम हा बूस्टर डायोड करतो. नेहमीच्या ‘५यू४’ या रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड, त्यामुळे तो दोन-चार सेकंदांत सुरू होतो. बाकीचे व्हॉल्व्ह तोवर थंड असतात, वीज ओढायला कुणी नसतं, व्होल्टेज उसळतं आणि त्याचा ताण कपॅसिटरवर येतो. बूस्टर डायोड जागा होईपर्यंत सगळे तयार असतात.

पण पथ्यं पाळावी लागतात. या काचेत एकच डायोड असतो. मध्यबिंदू असलेल्या ट्रान्सफॉर्मरला दोन लागतात. हीटर ३० व्होल्ट, ०.३ ॲम्पिअरचा, म्हणून दोन्ही हीटर एकापुढे एक जोडून मी ६० व्होल्टचं वेगळं वाइंडिंग करून घेतलं. ६.३ व्होल्टच हाताशी असतील तर ‘ईवाय ८८’ घ्यावा. पहिला कपॅसिटर लहान ठेवावा, नाहीतर करंटचे झटके डायोडला सोसत नाहीत. आणि माथ्यावरच्या टोपीवर सगळे ३०० व्होल्ट असतात, तेव्हा तिच्यावर इन्सुलेशनचं टोपण हवंच. बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

जुन्या मेकॅनिकच्या खोक्यात, माळ्यावर हे डायोड अजून सापडतात. भंगारात देऊ नका. वापरायचे नसतील, तर वापरणाऱ्याच्या हाती द्या.