साडेछत्तीस तासांचा सोमवार

सोमवार किती तासांचा असतो असें चौथीच्या वर्गांत विचारलें, तर सारीं मुलें एका सुरांत 'चोवीस' म्हणतील आणि त्यांस पूर्ण गुण द्यावे लागतील. परंतु जो गृहस्थ सोमवारीं मध्यरात्र टळल्यावर मुंबईहून विमानानें निघतो, लंडनला विमान बदलतो आणि त्याच सोमवारीं दुपारीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस येथें उतरतो, त्याच्या वांट्यास आलेला सोमवार उन्हाळ्यांत साडेछत्तीस तासांचा भरतो. आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिका अशीं तीन खंडें एका वारांत ओलांडणारा हा प्रवास आतां मध्यम वर्गाच्या घरांतहि नवलाचा राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी तिकडे असल्यामुळें साठी-सत्तरी उलटलेले आईबाप तो करीत असतात. या ताणलेल्या दिवसांत काय घडतें, तें आज उलगडून पाहूं.

प्रथम हिशेब. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें ग्रिनिच येथून जाणारें रेखावृत्त शून्य अंशाचें मानलें. आपली प्रमाणवेळ, जी १९०६ पासून अमलांत आली, ती ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें आहे. (मुंबई शहरानें मात्र ती सहजासहजीं पत्करली नाहीं, ३९ मिनिटें मागें असलेला आपला 'बाँबे टाइम' त्यानें १९५५ पर्यंत जपून ठेवला होता.) उन्हाळ्यांत इंग्लंडचीं आणि अमेरिकेचीं घड्याळें एक तास पुढें सारलेलीं असतात. त्या दिवसांत मुंबईची वेळ लंडनच्या साडेचार तास आणि लॉस एंजेलिसच्या साडेबारा तास पुढें असते.

आतां आपला प्रवासी पहाटे १ वाजतां निघाला असें समजूं. सुमारें १० तासांनीं तो लंडनला उतरतो, तेव्हां तेथें सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ११ वाजतां दुसरें विमान निघतें, आणि ११ तास उडून लॉस एंजेलिसला पोंचतें, तेव्हां तेथें दुपारचे २ वाजलेले असतात. भिंतीवरच्या घड्याळांवर विश्वास ठेवला तर त्याचे १३ तास गेले. त्याच्या पाठीच्या कण्याला विचारलें तर साडेपंचवीस!

लंडन ते लॉस एंजेलिस हा मार्ग सपाट नकाशावर पाहणारास सरळ पश्चिमेकडचा वाटतो. भूगोल शिकवितांना मी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दाखवीत असें. तसा दोरा या दोन शहरांमध्यें ताणला, तर तो प्रथम वायव्येकडे चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून जातो आणि मग कॅनडांतून खालीं उतरतो. गोलावर तोच जवळचा मार्ग असल्यामुळें विमानें साधारणपणें त्याच्या आसपासच राहतात. येथेंच एक विलक्षण योग जुळून येतो. विषुववृत्तावरील स्थळ पृथ्वीबरोबर ताशीं १,६७० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे फिरतें. परंतु ६० अंश अक्षांशावर हा वेग बरोबर निम्मा, म्हणजे ताशीं ८३५ किलोमीटर होतो. आधुनिक जेट विमानाचा वेगहि जवळजवळ तेवढाच. तेव्हां त्या पट्ट्यांत पश्चिमेकडे जाणारें विमान आणि सूर्य यांची जणू बरोबरी होते. खिडकीबाहेर ऊन तासन् तास ढळतच नाहीं. इकडे प्रवाशाची झोंपेची वेळ येऊन टळून जाते, तरी बाहेर दुपार ती दुपारच.

येतांना मात्र हाच मार्ग कमी वेळांत सरतो. सुमारें ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे आहेत. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवितात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत फुगे सोडून हे वारे मोजले, आणि साऱ्या जगाला कळावें म्हणून आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेंत लिहिला. परिणामीं तो जवळजवळ कोणींच वाचला नाहीं! पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना या वाऱ्यांचा प्रत्यक्ष तडाखा बसला.

आगबोटीच्या काळीं हा काळाचा घोळ जाणवत नसे. मुंबईहून विलायतेस दोन-अडीच आठवडे लागत. रोज सरासरी पंधरा-वीस मिनिटें घड्याळ मागें घेतलें कीं काम भागे, आणि शरीरहि तितक्याच संथपणें वळे. शरीरांत स्वतःचें घड्याळ असतें. त्याची रचना उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें आंतलें घड्याळ बहुतेकांचें २४ तासांहून किंचित् अधिक लांबीचें असतें. म्हणून दिवस लांबविणें त्यास सोपें जातें आणि आंखडणें जड जातें. जातांना थोडक्यांत निभावलेला मनुष्य परत आल्यावर आठ-दहा दिवस रात्रीं टक्क जागा राहतो, तें यामुळेंच. त्यावर सर्वांत चांगलें औषध म्हणजे योग्य वेळेचा सूर्यप्रकाश, आणि तें फुकट मिळतें.

झोंपेचें एवढें चालेल. पण मधुमेही मनुष्याची गोष्ट निराळी. रोज रात्रीं ९ वाजतां दीर्घकाळ चालणारें इन्सुलिन टोंचून घेणाऱ्या व्यक्तीनें जातांना केवळ स्थानिक घड्याळ पाळलें, तर दोन मात्रांमध्यें साडेछत्तीस तासांचें अंतर पडतें. परततांना तसेंच केलें तर तें अंतर अवघें साडेअकरा तासांचें होतें, आणि एका मात्रेचा अंमल ओसरण्यापूर्वींच दुसरी अंगांत जाते. माझ्या परिचयाच्या एका काकूंना अशाच परतीच्या दिवशीं दरदरून घाम सुटला, बोलणें अडखळूं लागलें. शेजारच्या आसनावरील मुलीनें प्रसंगावधान राखून साखर घातलेला रस पाजला, म्हणून निभावलें. तेव्हां तिकिटावरील वेळा घेऊन निदान दोन-तीन आठवडे आधीं डॉक्टरांकडे जावें आणि प्रत्येक मात्रेची वेळ मुंबईच्या घड्याळानें कागदावर लिहून घ्यावी. एक मनगटी घड्याळ सारा प्रवासभर मुंबईच्याच वेळेवर ठेवावें. इन्सुलिन हातांतल्या पिशवींतच असावें. खालीं सामानाच्या कोठींत तें थंडीनें गोठून निकामी होण्याचा धोका असतो.

विमानांतील हवेचा दाबहि जमिनीवरच्यासारखा नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेएवढा ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरांहूनहि वर जाऊन दहा-अकरा तास बसण्यासारखें आहे. शिवाय ती हवा फार कोरडी असते. एकाच जागीं पाय लोंबते ठेवून बसल्यानें पोटऱ्यांतील शिरांत रक्ताची गांठ होऊं शकते. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणें चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानें हा धोका सुमारें दुप्पट होतो. निरोगी माणसास तो तरीहि अल्पच, पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीं आधीं सल्ला घ्यावा. इतरांनीं तासा-दीड तासानें उठून चार पावलें चालावें, पाणी पीत राहावें.

आतां हाच प्रवासी पुढें पश्चिमेकडेच जाऊन सिडनीमार्गें घरीं आला तर? लॉस एंजेलिसहून सोमवारीं रात्रीं १० वाजतां निघालेलें विमान १५ तासांनीं सिडनीस उतरतें, तेव्हां तेथें बुधवारची सकाळ असते. वाटेंत वाररेषा ओलांडल्यामुळें मंगळवार त्याला जमिनीवर कोठेंच भेटत नाहीं. लंडनपर्यंत साडेचार, लॉस एंजेलिसपर्यंत आठ, सिडनीपर्यंत सात आणि मुंबईपर्यंत पुन्हां साडेचार, असे बरोबर २४ तास त्यानें जादा घेतले. त्यांची भरपाई त्या एका तारखेनें झाली. मॅगेलनच्या मोहिमेंतून १५२२ सालीं परतणारे खलाशी केप व्हर्दे बेटांवर आले, तेव्हां त्यांच्या रोजनिशींत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. वाररेषेचें नांवहि तेव्हां नव्हतें, त्यामुळें ते चक्रावून गेले. औषधाच्या गोळ्या वारांच्या खणांत भरून नेणाऱ्यांचेंहि तसेंच होतें. सोमवारीं रात्रीं ९ वाजतां अमेरिकेंत घेतलेली मात्रा आणि बुधवारीं रात्रीं ९ वाजतां सिडनींत घ्यावयाची मात्रा यांत अंतर ४८ तासांचें नसून ३१ तासांचें असतें. मंगळवारच्या खणांतील गोळीचें काय करावयाचें, तें निघण्यापूर्वींच विचारून ठेवावें.