घट्ट धरलं की मशीन शांत होतं?

शेजारच्यांकडे नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून कुणी पहारीने ठोकतंय असा आवाज येऊ लागला. धावत गेलो तर काकू दोन्ही हातांनी मशीन दाबून उभ्या, काका वाकून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवताहेत, आणि मशीन जागेवरून फूटभर पुढे आलेलं. पुठ्ठ्याने काही झालं नाही. दोष मागच्या बाजूला होता. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले चार लांब बोल्ट बसवणाऱ्याने काढलेच नव्हते. ते काढले, तेच कपडे पुन्हा लावले आणि मशीन गुमान फिरलं.

हलतंय म्हणजे सैल आहे, आणि सैल आहे तर आवळा, हे आपण खाटेपासून टेबलापर्यंत सगळीकडे शिकलेलो असतो. तिथे ते खरंही आहे. वेगाने फिरणाऱ्या वस्तूला मात्र ते लागू पडत नाही. कपडे पिळणारं मशीन, साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल, पॅथॉलॉजी लॅबमधलं रक्त वेगळं करणारं यंत्र, ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्याबद्दलचे गैरसमजही एकाच मुळातून आलेले आहेत.

गैरसमज: अर्धा किलो इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?

ड्रम थांबलेला असेल तर काहीच बिघडत नाही. पण समजा, 24 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रममध्ये एका बाजूला अर्धा किलो ओला कपडा जास्त आहे. मिनिटाला 400 फेऱ्यांना तो ड्रमला बाहेरच्या दिशेने सुमारे 21 किलोच्या भाराइतकं ओढतो. 1200 फेऱ्यांना हाच ओढा जातो 190 किलोच्या वर. वेग तिप्पट झाला की ओढा नऊपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शिवाय तो एकाच दिशेला राहत नाही. सेकंदाला 20 वेळा ड्रमभोवती फिरतो. दोन-तीन माणसांच्या वजनाइतका भार सेकंदाला वीस गिरक्या घेतोय, आणि आपण त्याला दोन हातांनी दाबून धरू पाहतोय!

साखर कारखान्यात हेच गणित भयानक होतं. तिथली जाळीची टोपली सुमारे 1.2 मीटर व्यासाची असते. तिच्यात एका वेळी टनभर किंवा त्याहून जास्त मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं दाट मिश्रण, पडतं आणि ती मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या घेते. हजार फेऱ्यांना भिंतीलगतचा एक किलो जादा माल सुमारे 670 किलोसारखा वागतो.

गैरसमज: मशीन जितकं घट्ट, तितकं स्थिर

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. बाहेरचा पत्र्याचा सांगाडा जमिनीवर चारही पायांनी घट्ट बसलेला हवा. एक पाय अधांतरी असेल तर मशीन डुगडुगणारच. म्हणून पाय फिरवून पाणसळ लावणं हे खरं काम आहे. आतला ड्रम आणि त्याभोवतीची टाकी मात्र मोकळी हवी. फ्रंट लोडमध्ये ती स्प्रिंगांना टांगलेली असते आणि खालून डॅम्परने सावरलेली असते. टॉप लोडमध्ये चार कोपऱ्यांतल्या सळ्यांवर झुलते. वाहतुकीचे बोल्ट हे झुलणंच बंद करतात. मग ड्रमचा सगळा ओढा सरळ सांगाड्याला, सांगाड्याचा फरशीला, आणि मशीन चालायला लागतं.

ड्रमला झुलू दिलं तर तो झुलणार किती? फारसा नाही. एकदा पुरेसा वेग आला की हिशोब सोपा आहे: जादा वजन गुणिले त्रिज्या, भागिले झुलणाऱ्या भागाचं एकूण वजन. अर्धा किलो, 240 मिलिमीटर आणि झुलणारा भाग 60 किलो धरला तर ड्रम फक्त दोन मिलिमीटर सरकतो. भाग 30 किलोचाच असता तर चार.

मशीन उघडल्यावर आत सिमेंटचा ठोकळा दिसतो आणि कंपनीने वजन वाढवून फसवलं असं लोकांना वाटतं, त्याचं उत्तर याच भागाकारात आहे. तो ठोकळा मशीन जमिनीला दाबून धरण्यासाठी नसतो. तो झुलणाऱ्या टाकीला बांधलेला असतो, म्हणजे तोही ड्रमबरोबर झुलतो आणि भागाकारातली खालची संख्या मोठी करतो. फसवणूक तर दूरच, मशीनमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक भाग तोच.

गैरसमज: वेग वाढेल तशी थरथर वाढत जाणार

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि सामान्य माणसाला त्याबद्दल दोष देता येत नाही, कारण नामवंत शास्त्रज्ञही त्यात अडकले होते.

घरी एक प्रयोग करून पाहा. लांब रबरबँडला छोटा दगड बांधा, दुसरं टोक हातात धरा आणि हात सावकाश वर-खाली करा. दगड हाताबरोबर वर-खाली होतो. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक लयीला दगड वेड्यासारखा उसळतो, सांभाळत नाही. आता हात त्याहूनही भरभर हलवा. दगड जवळजवळ जागच्या जागी थांबतो, आणि नीट पाहिलं तर हात वर असताना तो किंचित खाली असतो. म्हणजे उलटा.

टांगलेल्या ड्रमचं हेच होतं. कमी वेगात जड बाजू बाहेर फेकली जाते. मग एक वेग असा येतो जिथे ड्रमच्या झुलण्याची स्वतःची लय आणि फिरण्याची लय जुळतात. यंत्रशास्त्रात त्याला क्रांतिक वेग म्हणतात. थडथडाट होतो तो इथे. तो ओलांडला की जड बाजू आत येते आणि ड्रम आपल्या भूमितीच्या मध्याऐवजी वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो. त्याने स्वतःच आपला मध्य शोधलेला असतो. घरगुती मशीनमध्ये हा वेग मिनिटाला 400 फेऱ्यांच्या खालीच ठेवलेला असतो. म्हणून स्पिन सुरू होताना काही क्षण मशीन हादरतं, मग शांत होतं, आणि थांबताना पुन्हा एकदा हादरतं. ते दुसरं हादरणं ऐकून लोक घाबरतात. खरं तर ड्रम परतीच्या वाटेवर तोच उंबरा ओलांडत असतो.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी 1869 मध्ये फिरत्या दांड्यांचं गणित मांडलं आणि या वेगापलीकडे दांडा स्थिर फिरूच शकत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यांचा अधिकार मोठा. त्यामुळे दांडे जाड करा, कडक करा, हीच वाट अभियंत्यांनी धरली. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी ती सोडली. दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र त्यांनी 1878 मध्ये आणलं होतं. पुढे मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्या घरात जाणाऱ्या वाफेच्या टर्बाइनसाठी त्यांनी मुद्दाम बारीक, लवचीक दांडा वापरला. तो सुरुवातीला थरथरायचा आणि वेग चढला की निवांत फिरायचा. जर्मनीत ऑगस्ट फॉपल यांनी 1895 मध्ये याचं गणित मांडलं, पण इंग्रजी जगात ते पोचलं नाही. हेन्री जेफकॉट यांचा 1919 मधला लेख आला तेव्हा कुठे शंका मिटली. यंत्र डोळ्यांसमोर फिरत होतं आणि पुस्तक म्हणत होतं, हे अशक्य आहे. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो.

साखरेच्या धंद्यात लवचीकपणाची ही वाट आधीच सापडली होती. डेव्हिड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हवाई बेटांवर साखरेसाठी सेंट्रिफ्यूगल बनवलं. मळी निथळायला आधी आठवडे लागत, ते काम मिनिटांवर आलं. त्यांच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या यंत्रात टोपली वरून दांड्याला टांगलेली असते आणि वरचा आधार रबरी, थोडं झुलू देणारा. लंबकाला कुणी खालून धरत नाही, तसं. महाराष्ट्रात 1950 मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नंतर गावोगावी उसाची धुराडी दिसू लागली, त्या कारखान्यांतही टांगलेल्या टोपलीचं हेच तत्त्व चालत आलं. माल भरायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. थांबलेल्या टोपलीत भरत नाहीत. टोपली सावकाश फिरत असताना मॅसिक्विट सोडतात, म्हणजे ते वाहत जाऊन भिंतीवर सारखं पसरतं. पूर्ण वेग त्यानंतर. दाणा फार बारीक किंवा कमी-जास्त पडला, मळी एका बाजूने निथळली आणि दुसरीकडे अडली, की समतोल जातो. अशा वेळी झुलणं मर्यादेबाहेर गेलं तर सुरक्षेचा स्विच यंत्र बंद करतो.

गैरसमज: ड्रमच्या कड्यात पाणी अडकलंय

टॉप लोड मशीनच्या ड्रमवर तोंडाशी प्लॅस्टिकचं जाड कडं असतं. ड्रम हाताने फिरवला की आत पाणी खळखळतं. गळती झाली, असं समजून काही जण ते उघडायलाही निघतात. ते मिठाचं पाणी कारखान्यातच भरून सील केलेलं असतं आणि समतोल साधणं हेच त्याचं काम.

इथे कुणालाही प्रश्न पडेल: पाणीसुद्धा जड बाजूलाच धावणार, मग असमतोल वाढणारच ना? क्रांतिक वेगाखाली तसंच होतं. पण वेग त्यापुढे गेला की जड बाजू आत आलेली असते, हे आपण पाहिलं. म्हणजे फिरण्याच्या मध्यापासून लांब असते ती हलकी बाजू. पाणी नेहमी सर्वांत लांबच्या जागी जातं, म्हणून ते आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतं. ना सेन्सर, ना मोटर. काही फ्रंट लोड मशीनमध्ये पाण्याऐवजी तेलात बुडवलेल्या पोलादी गोळ्या हेच काम करतात. ड्रम घट्ट धरलेला असता तर ना पाण्याला हलकी बाजू कळली असती, ना गोळ्यांना.

गैरसमज: कमी कपडे टाकले की मशीनला त्रास कमी

एकटी गोधडी, एकटी जाड चादर, एकटं पायपुसणं, यांच्याइतका त्रास मशीनला दुसरा कशाचा नाही. आठ-दहा कपडे ड्रमभर पसरू शकतात. एक गोधडी पाणी पिऊन एकाच बाजूला गोळा होते. तिच्यासोबत दोन-चार टॉवेल टाका.

स्पिनच्या आधी मशीन तेच तेच करत राहतं, घड्याळ नऊ मिनिटांवर अडकून बसतं, हाही बिघाड नव्हे. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या वर कपडे भिंतीला चिकटतात. तेव्हा जड बाजू वर चढवताना मोटर किंचित मंदावते आणि खाली येताना किंचित पळते. त्या फरकावरून मशीन असमतोल ताडतं, जास्त असेल तर कपडे सोडून पुन्हा घोळवतं. तीन-चार वेळा जमलं नाही तर नकार देतं. तो नकार ऐकावा. अर्ध-स्वयंचलित मशीनच्या पिळायच्या टबात असं काही नसतं. तिथे कपडे हाताने सारखे दाबून वर जाळीची चकती बसवणं आपल्यालाच करावं लागतं.

रेनकोट, ताडपत्री, पाणी न शोषणारं गादीचं कव्हर मात्र स्पिनमध्ये कधीच नको. त्यांच्या घड्यांत पाणी पिशवीसारखं साठतं आणि भर वेगात एकदम निसटतं. आधीच्या सगळ्या तपासण्या त्या क्षणी फोल ठरतात. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये सॅमसंगने अमेरिकेत सुमारे 28 लाख टॉप लोड मशीन परत बोलावली. अति हादऱ्यांनी किंवा वरचा भाग सुटल्याने तक्रारी आल्या होत्या 733, दुखापती नऊ, त्यातली एक मोडलेल्या जबड्याची. अवजड आणि पाणी न शोषणारे कपडे कमी वेगातच धुवा, असा सल्ला ग्राहकांना तेव्हा दिला गेला.

गैरसमज: नळ्या समोरासमोर ठेवल्या की समतोल झाला

लॅबच्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारखी पातळी पुरत नाही, सारखं वजन लागतं. 5 मिलिलिटर रक्तासमोर तेवढंच पाणी ठेवलं तर सुमारे 0.3 ग्रॅमचा फरक राहतो. मिनिटाला 3000 फेऱ्या आणि 16 सेंटिमीटर त्रिज्या असेल तर हा फरक अर्ध्या किलोसारखा ओढतो. म्हणून रक्तपेढीत पिशव्या काट्यावर जोडीने तोलून मगच यंत्रात जातात.

विषम संख्या चालत नाही, हेही खरं नाही. सहा खाचांच्या रोटरमध्ये सारख्या वजनाच्या तीन नळ्या एकाआड एक बसतात. बारा खाचांत पाचही बसतात: 1, 5, 9 यांचा त्रिकोण आणि 2, 8 ही जोडी. बारांत एक आणि अकरा एवढ्याच संख्या जमत नाहीत, तिथे पाण्याची नळी घालावी लागते.

आणि समतोल झाला म्हणजे धोका संपला, असंही नाही. डिसेंबर 1998 मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरवणाऱ्या अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचा ॲल्युमिनियमचा रोटर वेगाच्या ताणाने फुटला. यंत्राचा चक्काचूर झाला, खोलीच्या काचा गेल्या. सुदैवाने माणूस दगावला नाही. रोटरला वय असतं आणि वापराची नोंद ठेवणं हा त्याच्या सुरक्षेचाच भाग आहे.

घरात स्पिनला मशीन नाचू लागलं तर त्याला धरायला जाऊ नका. बटण दाबून बंद करा, ड्रम पूर्ण थांबू द्या, कपडे मोकळे करून पुन्हा पसरा. नवं मशीन असेल तर आधी मागे वाकून ते चार बोल्ट निघालेत ना, ते बघा. आणि काढलेले बोल्ट फेकू नका. घर बदलताना मशीन टेंपोत चढवण्याआधी ते पुन्हा लावावे लागतात.