मेमरी कार्डाचें दत्तविधान

घर कितीहि मोठें असलें तरी माळा रिकामा राहत नाहीं, हें प्रत्येक गृहिणी जाणते. बांधतांना जी खोली ऐसपैस वाटली, तीच दहा वर्षांनीं सामानानें भरते आणि पाहुणे आले म्हणजे अंथरुणें कोठें घालावीं असा प्रश्न पडतो. खिशांतील फोनची गोष्ट हीच आहे. भेद एवढाच कीं, घर भरावयास दहा वर्षें लागतात व फोन एका वर्षांत भरतो. मग एके दिवशीं नातीचे पहिले बोबडे बोल टिपून घ्यावे म्हणून फोन उचलावा, तों पडद्यावर अक्षरें उमटतात : जागा शिल्लक नाहीं.

अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी एक उपाय सुचवितात. बाजारांतून मेमरी कार्ड आणावें, तें फोनच्या कुशींत बसवावें आणि फोनच्या मूळ सांठ्यांत मिळवून टाकावें. म्हणजे लहान फोन एका दिवसांत मोठा होतो. हा उपाय खोटा नाहीं. परंतु त्यांत लाभ कोणता व धोका कोणता हें आधीं समजून घेतलें नाहीं, तर कुटुंबाची अमोल ठेव क्षणांत हातची जाऊं शकते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम फोन भरतो कशानें, तें पाहूं. डब्यावर ३२ जीबी छापलेलें असलें, तरी ती सगळी जागा धन्याच्या वांट्यास येत नाहीं. फोन चालविणारी मूळ यंत्रणा, म्हणजे अँड्रॉइड, हीच त्यांतील कित्येक जीबी अडवून बसलेली असते. शिवाय कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटि बाइट धरतो, तर संगणक पुष्कळदां १०२४ च्या पटीनें मोजतो. त्यामुळें ३२ चें माप २९.८ असें दिसूं लागतें. दुकानदारानें फसविलें असें समजून कोणीं भांडावयास जाऊं नये; शेर व रत्तल यांच्यासारखाच हा मापांचा भेद आहे. उरल्या जागेंत एक छायाचित्र सुमारें तीन-चार एमबी घेतें, आणि एका मिनिटाचें स्पष्ट चलच्चित्र साधारणतः शंभर एमबीहून अधिक घेतें. म्हणजे मुंजीचा अर्धा तास टिपला कीं तीन जीबी गेलेच. त्यांत कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर गट असला, म्हणजे मंगळागौरीचें तेंच छायाचित्र काकूंकडून, आत्याबाईंकडून व वन्संकडून अशा तीन वाटांनीं घरीं येतें, आणि रोज पहांटे फुलांसह येणारीं सुप्रभातें निराळींच !

आतां हें कार्ड म्हणजे काय ? आकारानें तें करंगळीच्या नखाएवढें : १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद व १ जाड. या कुळांतील थोरलें एसडी कार्ड मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून १९९९ सालीं पुढें आणलें. त्याची ही धाकटी आवृत्ति सॅनडिस्कनें २००४ मध्यें काढली आणि पुढल्या वर्षीं ती मायक्रोएसडी या नांवानें रूढ झाली. आंतील विद्या मात्र याहून जुनी आहे. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी संशोधकानें ‘फ्लॅश’ स्मृतीचा शोध लावला व १९८४ आणि १९८७ या सालीं तिचे दोन प्रकार विद्वानांपुढें मांडले. ही स्मृति एका झटक्यांत पुसली जाते. तें पाहून त्याच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला व त्यावरून हें नांव पडलें, अशी हकीकत आहे.

या स्मृतींत सिलिकॉनच्या पातळ चकतीवर अब्जावधि सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीभोंवतीं विजेस अडविणारी भिंत असून आंत विद्युद्भार कोंडलेला असतो. भार किती आहे यावरून लेखन वाचलें जातें. वीज बंद केली तरी भार आंतच राहतो, म्हणून लेखन टिकतें. परंतु पाटीवर तेंच तें लिहून पुसलें म्हणजे जशी पाटी गुळगुळीत होते, तशी प्रत्येक नव्या लेखनानें ही भिंत थोडी थोडी झिजते. कार्ड नुसतें कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिलें तरी आंतील भार हळूहळू गळूं शकतो. तात्पर्य, हें साधन सोईचें आहे, पण तो ताम्रपट नव्हे.

कार्ड फोनांत घालण्याच्या दोन रीति आहेत. पहिली पाहुण्याची. कार्ड आलें, त्यास ओटीवर जागा दिली. त्यांत छायाचित्रें, गाणीं, पुस्तकें ठेवावीं आणि वाटेल तेव्हां तें काढून दुसऱ्या फोनांत किंवा संगणकांत घालून पाहावें. पाहुणा कोठेंहि गेला तरी त्याची पेटी त्याच्याबरोबर असते. मात्र स्वयंपाकघरांत त्याचा प्रवेश नाहीं, म्हणजे फोनवरील ॲपें त्यावर राहूं शकत नाहींत. २०१० सालीं निघालेल्या अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तींत ॲपांचा कांहीं भाग कार्डावर हलविण्याची मुभा मिळाली होती. पण ती अर्धीमुर्धीच होती.

दुसरी रीत २०१५ सालीं अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीबरोबर आली. तिला इंग्रजींत जें नांव आहे, त्याचा सरळ अर्थ ‘दत्तक घेण्याजोगा सांठा’ असा होतो. नांव ठेवणाऱ्यास आपलें धर्मशास्त्र ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तथापि साम्य पाहून आम्हांस नवल वाटलें. दत्तक गेलेल्या मुलाचें जनककुळाचें गोत्र सुटतें व तो सर्वस्वीं दत्तकघराचा होतो. कार्डाचेंहि तसेंच. दत्तविधानाच्या वेळीं त्यावरील पूर्वीचें सर्व लेखन पुसलें जातें, हें त्याचें गोत्रांतर. मग फोन त्यावर आपल्या पद्धतीनें आंखणी करतो, आणि यापुढें त्यावर लिहिलें जाणारें प्रत्येक अक्षर गूढ लिपींत लिहूं लागतो. त्या लिपीची किल्ली त्या एकाच फोनच्या पोटांत असते. आतां कार्ड घरचें झालें : ॲपें त्यावर राहतात, छायाचित्रेंहि तेथें जातात, आणि फोन दोन्ही सांठे आपलेच मानून चालतो. ज्यांचा रचनाकार परवानगी देत नाहीं तीं कांहीं ॲपें, व फोनचीं मूळचीं ॲपें, तेवढीं जुन्या जागींच राहतात. दोन्ही कुळांचा मानल्या गेलेल्या पुत्रास शास्त्रांत द्व्यामुष्यायण म्हणतात. संगणकावरून आज्ञा देऊन कार्डाचा अर्धा भाग दत्तक व अर्धा पाहुणा ठेवण्याची युक्ति जाणकार करतात, तें कार्ड त्या जातीचें समजावें.

येथवर सारें मंगल आहे. आतां जें सांगावयाचें तें नीट ध्यानांत धरावें. दत्तक कार्ड दुसऱ्या कोणत्याहि फोनांत अगर संगणकांत वाचतां येत नाहीं. किल्ली ज्या फोनांत, तो फोन मेला तर किल्ली मेली. फोन जिवंत असून कोणीं त्यास मूळ स्थितीस नेण्याची आज्ञा दिली, तरी किल्ली पुसली जाते. उलट, कार्ड बिघडलें तर फोन धड असूनहि कार्डावरील ॲपें व चित्रें जातात. म्हणजे पूर्वीं एकाच वस्तूच्या बिघाडाचें भय होतें, तें आतां दोन वस्तूंच्या बिघाडाचें झालें. जागा वाढली, आणि तिच्याबरोबर धोकाहि वाढला.

आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्या सोहळ्याचीं छायाचित्रें, आणि त्या निमित्तानें जमलेल्या नातवंडांस त्यांनीं सांगितलेल्या आपल्या लहानपणच्या गोष्टी, असें सर्व सूनबाईंच्या फोनांत टिपलेलें होतें. फोनांत कार्ड होतें व तें दत्तक गेलेलें होतें. पुढें पावसाळ्यांत फोन पाण्याच्या बादलींत पडला, तो पुन्हां उठला नाहीं. मंडळी निश्चिंत होती, कारण कार्ड काढून पाहिलें तों कोरडें व सुखरूप. पण तें दुसऱ्या फोनांत घातलें, तेव्हां त्या फोनानें एवढेंच विचारलें कीं, हें कार्ड पुसून नवें करूं काय ? दुरुस्ती करणारानें चार दिवस खटपट केली. परंतु किल्ली जुन्या फोनबरोबर गेली होती. त्यानंतर सहा महिन्यांनीं आजोबा निवर्तले. त्यांचा आवाज त्या नखाएवढ्या कार्डांत आजहि असेल. पण तो ऐकणें कोणाच्याहि हातीं नाहीं.

यावरून दत्तविधान करूंच नये असा आमचा आग्रह नाहीं. लहान फोनांत बँकेचें, शाळेचें, रेल्वेचें अशीं आवश्यक ॲपेंच मावत नसतील, तर दत्तक कार्डानें मोठी अडचण दूर होते, व नवा फोन घेण्याचा खर्च वांचतो. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं.

पहिलें पथ्य निवडीचें. कार्डावर अनेक अंक असतात. वर्तुळांतील १० हा अंक सलग लेखनाचा किमान वेग दाखवितो : सेकंदास १० एमबी. परंतु ॲपांचें काम सलग नसतें. गोदामांतून एकदम पोतें उचलणें निराळें, आणि वाण्यानें दिवसभर पैशापैशाच्या पुड्या बांधणें निराळें. पुड्या बांधण्याचें कौशल्य ‘ए१’ व ‘ए२’ या खुणांवरून कळतें. ए१ कार्डानें सेकंदास निदान १५०० वेळां वाचावें व ५०० वेळां लिहावें, ए२ नें ४००० व २००० वेळां, असा दंडक आहे. दत्तक घ्यावयाचें तर यांपैकीं खूण असलेलेंच कार्ड घ्यावें. मंद कार्ड दत्तक घेतल्यास सारें घर त्याच्या चालीनें चालूं लागतें.

दुसरें पथ्य परीक्षेचें. बाजारांत अशीं बनावट कार्डें असतात, कीं पोटांत ८ जीबीची जागा असतां तीं १२८ जीबीची बतावणी करतात. खरी जागा संपली म्हणजे जुन्या लेखनावरच नवें लेखन चढतें, आणि धन्यास महिनोन्महिने पत्ता लागत नाहीं. म्हणून विश्वासाच्या दुकानांतून पावतीसह कार्ड घ्यावें, आणि महत्त्वाची ठेव ठेवण्यापूर्वीं तें एकदां कांठोकांठ भरून, सर्व परत वाचतां येतें कीं नाहीं, हें पाहावें.

तिसरें पथ्य पात्रतेचें. सर्वच फोनांस ही सोय नाहीं. आयफोन व पिक्सेल यांत कार्डाचा खांचा मुळींच नसतो. सॅमसंगनें आपल्या एस मालिकेंतील एस६ मध्यें २०१५ सालीं खांचा काढला, २०१६ सालीं एस७ मध्यें परत दिला, आणि २०२१ सालीं एस२१ पासून पुन्हां काढला. ज्यांत खांचा आहे, अशा फोनांतहि दत्तकाची वाट कित्येक कारखानदारांनीं बंद ठेवलेली असते. सेटिंग्जमधील स्टोरेज या सदरांत कार्डाच्या नांवावर बोट ठेवल्यावर ‘इंटर्नल’ म्हणून फॉरमॅट करण्याचा पर्याय दिसला, तरच ती वाट मोकळी आहे असें समजावें.

चौथें पथ्य विधीच्या आधींचें व नंतरचें. कार्डावर पूर्वींचें कांहीं असल्यास तें प्रथम संगणकावर उतरून घ्यावें. दत्तविधान झाल्यावर कार्ड खेळण्यासारखें आंतबाहेर करूं नये. फोन विकावयाचा, बदलावयाचा अगर मूळ स्थितीस न्यावयाचा असेल, तर प्रथम कार्डावरील सर्व ठेव बाहेर काढावी. मगच दुसरें पाऊल टाकावें. यथाविधि झालेलें दत्तविधान रद्द करतां येत नाहीं, असें १९५६ चा हिंदु दत्तक कायदा सांगतो. कार्डाचें दत्तविधान मात्र मोडतां येतें. पण कार्ड परत पाहुणा होतें तें कोऱ्या पाटीसारखें, हें विसरूं नये.

पांचवें पथ्य सर्वांत मोठें. जागा वाढविणें म्हणजे जतन करणें नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पूर्ण झालें. त्या कामीं डॉ. सुकथनकरांसारख्या पंडितांस देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिप्यांतील शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहतां आलीं. तीं त्यांस मिळालीं याचें कारण एकच : पिढ्यान्पिढ्या कोणीतरी पोथी उतरून घेत होतें. भूर्जपत्र फाटलें, ताडपत्रास कसर लागली, एखाद्या घरास आग लागली. तरी ग्रंथ राहिला, कारण तो दुसऱ्या घरीं होता. ज्या पोथीची दुसरी प्रत नव्हती, ती कितीहि भक्कम पेटींत असली तरी एका अपघातानें नाहींशी झाली.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें एक नेम करावा. महिन्यांतून एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशीं घरांतील सर्व फोनांमधील निवडक छायाचित्रें व आवाज संगणकाच्या तबकडीवर उतरून घ्यावे. त्याची दुसरी प्रत परगांवीं राहणाऱ्या भावाकडे अगर मुलीकडे असूं द्यावी. उतरतांना निवडहि करावी. फुलांचीं सुप्रभातें जतन करण्याचें कारण नाहीं. घरांत नातवंडें आहेत, त्यांस हें काम हौसेनें करतां येईल, व तें करतांना कोण कोणाचा कोण, हेंहि त्यांस कळेल. असें झालें म्हणजे फोन आपोआप हलका होतो, आणि कार्ड दत्तक घ्यावें कीं पाहुणा ठेवावें, हा प्रश्न केवळ सोईचा उरतो.